परताव्याची वजाबाकी आणि वरचे साडेचारशे

नमस्कार, श्रोतेहो. प्राप्तिकराचा परतावा ही साधी वजाबाकी आहे: वर्षभरात आपल्या नावावर जमा झालेल्या करातून खरा देय कर वजा केला की उरलेली रक्कम परत मिळते. ‘परतावा’ हा चांगला शब्द गुंतवणुकीच्या जाहिरातवाल्यांनी नफ्यासाठी पळवल्यामुळे अनेकांना तो सरकारी बक्षिसासारखा वाटतो, पण हा पैसा आपलाच असतो.

पंचवटीतील आमचे शेजारी गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका पावसाळी संध्याकाळी ते प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक गुंडाळून आले आणि आधी दार लावून घ्या म्हणाले. २०२४-२५ मध्ये त्यांचे निवृत्तिवेतन ४,२०,००० रुपये आणि मुदत ठेवींचे व्याज १,८०,००० रुपये होते. त्या व्याजातून बँकेने दहा टक्के, म्हणजे १८,००० रुपये, टीडीएस (व्याज देतानाच कापून त्यांच्या नावे सरकारकडे भरलेला कर) कापला होता. वर्षारंभी त्यांनी ‘माझा देय कर शून्य आहे’ असे बँकेला कळवणारा ज्येष्ठांचा १५ एच अर्ज दिला असता तर ही कपातच झाली नसती. पण तो अर्ज मागितल्याशिवाय पुढे करणारी खिडकी मला अजून भेटलेली नाही. असो. एकूण ६,००,००० रुपयांतून नव्या करप्रणालीची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर ५,२५,००० रुपये उरले, आणि त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला करसूट असल्याने देय कर शून्य झाला. जमा १८,०००, देय शून्य. पासबुकात मात्र १८,४५० रुपये आले होते.

“सरकारचे साडेचारशे चुकून माझ्याकडे आलेत. ते कुठे भरायचे?” गुरुजींनी हळू आवाजात विचारले.

मी सांगितले, “गुरुजी, ते व्याज आहे.” विवरणपत्र मुदतीत भरले असेल तर अशा परताव्यावर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते आणि अपुरा महिनाही पूर्ण धरतात, मात्र परतावा देय कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने, म्हणून अडीच टक्के. अठरा हजारांवर अडीच टक्के, म्हणजे ४५० रुपये.

गुरुजींनी बोटांवर पाच महिने मोजले आणि चेहरा खुलला. मग मी सांगितले की मूळ १८,००० रुपये उत्पन्न नव्हेत, परंतु हे ४५० रुपये पुढच्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवावे लागतील. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, कोरे पान उघडले आणि वर ‘२०२५-२६’ लिहून खाली पहिली नोंद केली: ४५०.