काठी खाली येईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

'एल्डन रिंग' हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: "मी बटण वेळेवर दाबलं होतं, तरी फटका बसला." ही तक्रार खोटी नसते. पण वेळेवर म्हणजे नेमकं कधी, इथे गफलत होते. आज त्या गफलतीबद्दल बोलू या आणि ती दूर कशी करायची तेही बघू या.

हा खेळ फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आणला, दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचं. यात सोपं, मध्यम, कठीण अशी निवड कुठेच नाही. सगळ्यांपुढे तोच बॉस, म्हणजे मोठा बलाढ्य शत्रू, तेवढ्याच ताकदीचा उभा राहतो. म्हणून लढाई सोपी करायची असेल तर ती आपल्या तयारीने आणि आपल्या बोटांनीच करावी लागते.

आधी बोटांचं बघू. या खेळात रोल मारणं, म्हणजे वार चुकवायला कोलांटी घेणं, आणि धावणं एकाच बटणावर आहे. बटण दाबून धरलं की पात्र धावतं, पटकन दाबून सोडलं की रोल मारतं. म्हणजे तुम्हाला धावायचंय की रोल मारायचाय, हे बटण सुटल्याशिवाय खेळाला कळत नाही. रोल सुरू होतो तो बोट उचलल्यावर. घाबरलेला माणूस बटण जोरात दाबतो आणि जरा जास्त वेळ दाबून ठेवतो, तेवढ्यात फटका येऊन जातो. म्हणून बटणावर नुसती टिचकी मारायची. दुसरी खोड अशी की तलवारीचा वार चालू असताना दाबलेलं बटण खेळ लक्षात ठेवतो आणि वार संपल्यावर ते काम करतो. तुम्ही घाबरून तीनदा दाबता, एक रोल हवा तसा होतो, आणि लगेच नको असलेला दुसराही होतो. तो दुसरा रोल संपत असताना तुम्ही उघडे पडलेले असता आणि बॉसचा पुढचा वार नेमका तेव्हाच येतो. एका फटक्याला एकदाच टिचकी, ही सवय सुरुवातीच्या साध्या सैनिकांवरच करून घ्या. तिथे चुकलात तरी फार बिघडत नाही.

आता मार्गिटकडे येऊ. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवरच्या पुलावर हा शिंगवाला म्हातारा उभा असतो आणि बहुतेकांची पहिली खरी परीक्षा तोच घेतो. त्याचा एक वार नीट पाहा. तो हातातली काठी डोक्यावर नेतो आणि तिथेच थांबतो. अगदी थांबतो. अंग ताठ, काठी वर, आणि काहीच होत नाही. नवा खेळाडू काठी वर गेली की रोल मारतो. रोलच्या सुरुवातीला अगदी थोडा काळ तुम्हाला काहीच लागत नाही, पण तो काळ हवेतल्या काठीवर खर्च होतो. तुम्ही उठून उभे राहता आणि तेव्हा काठी खाली येते. खेळ बनवणाऱ्यांनी हा थांबा मुद्दाम ठेवलेला आहे. उतावीळ खेळाडू त्यातच सापडतो. म्हणून काठीचं टोक बघत बसू नका, त्याचा खांदा आणि कोपर बघा. कोपर खाली सुटला की टिचकी. आणि रोल मागे मारू नका, कारण काठी लांब आहे, मागे गेलात तरी टोक पोचतं. त्याच्याकडे, थोडं बाजूने, पुढे रोल मारा. तुम्ही त्याच्या बरगडीजवळ उठता आणि काठी तुमच्या मागे जमिनीवर आपटते. तिथे एक वार घ्या, जमलंच तर दोन. तिसऱ्याचा लोभ धरलात की उलटा हात बसलाच म्हणून समजा.

याच लढाईत आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. लांब जाऊन हेल्थची बाटली तोंडाला लावली की मार्गिट सोन्यासारखा चकाकता खंजीर फेकतो. तुमचं पिणं त्याला दिसतं. म्हणून अंतर वाढवून प्यायचं नाही, त्याचे वार सलग पडून संपले की त्या सवडीत प्यायचं. मलम लावायची वेळ शत्रूच्या श्वासावरून ठरवायची असते, आपल्या वेदनेवरून नाही. त्याची ताकद बरीच उतरली की प्रकाशाचा भलामोठा हातोडा त्याच्या हातात येतो आणि त्याची पोच वाढते. तेव्हासाठी एक-दोन बाटल्या राखून ठेवलेल्या बऱ्या.

लढाई अशी शिकता येते, पण कच्च्या तयारीने गेलात तर शिकायला वेळच मिळत नाही, दोन फटक्यांत खेळ खलास. इथे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते व्हिगर या गुणाकडे, म्हणजे हेल्थ वाढवणाऱ्या गुणाकडे. नवा खेळाडू सगळ्या पातळ्या ताकदीत किंवा बुद्धीत घालतो. आकडे ऐका: व्हिगर २५ असताना हेल्थ ८०० असते, ४० ला १४५०. म्हणजे पंधरा पातळ्यांत ६५० वाढते. ४० ते ६० या टप्प्यात ती १९०० पर्यंत जाते. त्यापुढे ९९ पर्यंत एकोणचाळीस पातळ्या खर्चून फक्त २०० हाती लागतात. यावरून ठरवा. खेळाच्या मध्यापर्यंत ४० गाठा, शेवटाकडे ६०, आणि तिथेच थांबा.

मारा वाढवायचा असेल तर त्यासाठी पातळीपेक्षा हत्यार घडवणं फार जास्त कामाला येतं. साधं हत्यार +२५ पर्यंत चढतं, विशेष हत्यारं +१० पर्यंत. साध्या हत्याराला सुरुवातीला पहिल्या प्रतीचे स्मिदिंग स्टोन, म्हणजे घडवायचे दगड, लागतात: +१ ला दोन, +२ ला चार, +३ ला सहा, एकूण बारा. ते बारा लिमग्रेव्ह टनेल्स या खाणीत आणि आसपास गोळा करा. +३ पर्यंतचं काम चर्च ऑफ एलेह इथल्या ऐरणीवर होतं, त्यापुढे राउंडटेबल होल्ड या खेळातल्या तळावरच्या ह्यूग लोहाराकडे जावं लागतं. मार्गिटसमोर साधी, न घडवलेली तलवार घेऊन उभं राहणं ही कसोटी नव्हे, तो निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. आणि अवजड हत्यार उचलत नसेल तर लक्षात ठेवा: दोन हातांनी धरलं की तुमची ताकद दीडपट मोजली जाते. ३० ताकदीचं हत्यार २० ताकदीचा माणूस दोन हातांनी चालवू शकतो.

वजनाचं काय? अंगावरचं एकूण वजन मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आत असलंच पाहिजे. त्यावर एक टक्का गेलात तरी रोल जड होतो, पात्र धप्पकन पडतं आणि उठायला वेळ घेतं. पुष्कळांना वाटतं चिलखत भारी घातलं की वाचू. प्रत्यक्षात चिलखत थोडा मार कमी करतं आणि जड रोल दुप्पट मार खायला लावतो. शिरस्त्राण काढा, दुसरं हत्यार पेटीत टाका, पण ७० च्या आत या. ३० टक्क्यांच्या खाली गेलात तर रोल आणखी लांब जातो, पण त्यासाठी जवळपास उघडं फिरावं लागतं. ते सगळ्यांना परवडणारं नाही.

बाटल्यांविषयी थोडंच सांगतो. सुरुवातीला लाल (हेल्थच्या) आणि निळ्या (जादूच्या) मिळून चार घोट असतात, वाढवत वाढवत १४ होतात. त्यासाठी रस्त्याकडेच्या सोनेरी, चकाकणाऱ्या रोपट्यांशी गोल्डन सीड मिळतात. घोटाची ताकद वाढवणारे सेक्रेड टियर चर्चमध्ये मिळतात, एकूण १२ वेळा वाढ होते. थर्ड चर्च ऑफ मारिका चुकवू नका. तिथे टियरबरोबर वाँड्रस फिजिक ही वेगळी कुपीही आहे, तिच्यात दोन प्रकारचे अर्क मिसळता येतात. जादू वापरत नसाल तर निळे घोट कमी करून लाल वाढवा. ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसलं की ही वाटणी बदलता येते.

आता ढाल. नुसती ढाल धरून उभं राहिलात की दम, म्हणजे स्टॅमिना, हळू भरतो, कारण ढाल वर असताना तो भरण्याचा वेग कमी होतो. फटका अडवायच्या क्षणी ढाल वर, लगेच खाली. आणि फटका अडवल्याबरोबर जोरदार वाराचं बटण दाबलं की गार्ड काउंटर होतो. ढालीवाल्यांचं हे सर्वांत मोठं शस्त्र आहे, त्याचा वापर होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त व्हायला हवा. शत्रूचा तोल हळूहळू मोडत असतो, पण ते पडद्यावर कुठे दिसत नाही. हलक्या वारांनी तोल फार मोडत नाही. गार्ड काउंटर, उडी मारून केलेला जोरदार वार, किंवा बटण दाबून ताणलेला वार, यांनी मोडतो. मात्र मध्ये फार थांबलात तर तोल पुन्हा सावरतो, म्हणून सवड मिळेल तेव्हा लागोपाठ मारत राहायचं. एकदा का तो गुडघ्यावर आला की त्याच्या अंगावरच्या चकाकत्या जागेसमोर जाऊन साधा वार करा, मोठा घाव बसतो आणि त्या घावाच्या वेळी तुम्हाला काहीच लागत नाही. उडीचा आणखी एक फायदा असा की जमिनीलगत फिरणारा पाय, शेपटी किंवा धक्क्याची लाट उडी मारून चुकवता येते. तिथे रोलचा मोह आवरा.

मोठ्या ड्रॅगनशी लढताना वेगळीच अडचण असते. डोक्यावर लॉक धरला, म्हणजे नजर तिथेच खिळवली, की कॅमेरा आकाशात जातो आणि पायाशी काय चाललंय ते दिसत नाही. लॉक सोडा, टॉरेंट घोड्यावरून मागच्या पायाशी फेऱ्या मारा, तोंड उघडलं की दूर पळा.

परिणाम करणाऱ्या माऱ्यांत रक्तस्राव आणि गारठा हे दोन सर्वांत कामाचे. रक्तस्रावाची पट्टी भरली की शत्रूच्या एकूण हेल्थचा काही टक्के तुकडा एकदम कापला जातो, म्हणून मोठ्या बॉसवर तो जास्त जाणवतो. समुराई वर्गाला सुरुवातीलाच मिळणारी उचिगताना हे काम करते. सांगाड्यांवर आणि दगडी गोलेमांवर मात्र रक्तस्राव चालत नाही, वाहायला रक्तच नाही. थडग्यांमधले काही सांगाडे पडल्यावर पुन्हा उठतात. जमिनीवर हाडं उजळली की त्यांच्यावर आणखी एक वार घाला, नाहीतर पाठीमागून येऊन बसतील. गारठा चढला की शत्रूला साधारण अर्धा मिनिट २० टक्के जास्त मार बसतो. त्यात एक मेख आहे: आगीचा फटका बसला की तो गारठा पुसला जातो. एकट्याने खेळताना यातून युक्ती निघते. गारठा चढवा, मारून घ्या, मग आगीचा एक फटका देऊन पट्टी रिकामी करा आणि पुन्हा गारठा चढवा.

आत्म्यांना साद घालून मदत घेणं कमीपणाचं, असं काही जण मानतात. हे मला पटत नाही. ती सोय खेळातच ठेवली आहे आणि शत्रूची नजर तुमच्यावरून हटते तेवढ्यात तुम्ही त्याचे वार निवांत बघू शकता. शिकायला याहून चांगली संधी नाही. टॉरेंट मिळाल्यावर चर्च ऑफ एलेहला परत जा, तिथे रेना घंटा आणि तीन लांडग्यांचा आत्मा देते. ती भेट हुकली तर राउंडटेबल होल्डमध्ये हीच घंटा १०० रून्सला (रून्स म्हणजे खेळातलं चलन) मिळते. लांडगे मार्गिटसमोर फार टिकत नाहीत, पण त्यांनी ओढून घेतलेले पहिले काही फटके तुम्हाला सोन्याच्या मोलाचे ठरतात.

बॉसच्या धुक्याच्या दारात शिरण्याआधी हातातले रून्स खर्चून टाका. मेलात तर ते जागेवर पडून राहतात आणि ते परत उचलायच्या आत पुन्हा मेलात तर कायमचे जातात. फोडल्यावर रून्स देणाऱ्या गोल्डन रून या वस्तू न फोडलेल्या असतील तर मात्र त्या मरणानंतरही पिशवीतच राहतात.

शेवटी मलेनिया ही बॉस. हॅलिगट्रीच्या तळाशी असलेली ही लढाई ऐच्छिक आहे. तिचा प्रत्येक लागलेला वार तिची हेल्थ भरतो, तुम्ही ढालीवर अडवलात तरी भरतो. म्हणजे ढालीच्या भरवशावर आजवर चाललेलं तंत्र इथे उलट अंगाशी येतं. तिची कमजोरी अशी की मोठ्या, जड हत्याराचा वार बसला की ती अडखळते आणि तिचा हल्ला तुटतो. रक्तस्राव आणि गारठाही तिच्यावर चढतो. तिच्या हेल्थचा पाव भाग गेला की वॉटरफाउल डान्स सुरू होतो. ती हवेत उंच जाते, क्षणभर तरंगते आणि मग वारांच्या लाटा येतात. ती वर जाताना जवळ असाल तर निसटणं फार अवघड, म्हणून तोपर्यंत शक्यतो मध्यम अंतर ठेवा. पहिल्या लाटेला पाठ फिरवून धावा, दुसरी जवळ येताच तिच्या अंगाखालून पुढे रोल मारा. कमरेला फ्रीझिंग पॉट बांधून ठेवा: ती हवेत तरंगत असतानाच नेमका मारलात तर हल्ला तिथेच मोडतो. दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला ती लाल फूल होऊन वरून झेप घेते. तेव्हा जीव घेऊन पळायचं, आणि ती खाली आपटली तरी लगेच परत फिरायचं नाही, कारण फूल उमलताना दुसरा स्फोट होतो आणि भोवती सडण पसरते. तो स्फोट होऊन गेला की ती पाकळ्यांमध्ये काही क्षण बसलेली असते. बाण, जादू, फेकायची भांडी जे असेल ते दुरूनच मारा, आणि काहीच नसेल तर ती उठायच्या आत एक घोट पिऊन घ्या.