शिकण्याचा वेग: मेंदूतल्या गाठीच्या उपचारांनंतर

उपचार संपून दोन वर्षं झालेली असतात, एमआरआय स्वच्छ असतो, तरी मुलाचे गुण आणि चाचणीतला बुद्ध्यांक घसरत असतात. पालक विचारतात, येत होतं ते हा विसरत चाललाय का? बहुतेक वेळा तसं नसतं. बुद्ध्यांक म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी तुलना. सरासरी 100 धरलेली. समजा, आठव्या वर्षी मुलाने 20 शब्दांचे अर्थ बरोबर सांगितले, दहाव्या वर्षी 22. शब्द वाढलेच, पण बरोबरीची मुलं तोवर 27 वर पोचली, म्हणून बुद्ध्यांक खाली आला. म्हणून बुद्ध्यांकाच्या अहवालासोबत कच्चे गुणही (किती उत्तरं बरोबर आली ते) मागून घ्या. कच्चे गुणच घटले असतील तर प्रकरण वेगळं: गाठ परतली का, शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) तुंबला का, फिट्स येतात का, हे आधी बघायचं.

वेग मंदावतो तो मुख्यतः मेंदूतल्या जोडण्यांमुळे. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण बालपणभर चढत असतं. रेडिएशनने ते तयार करणाऱ्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. मूल जितकं लहान, तितकं नुकसान जास्त. मेड्युलोब्लास्टोमा या मुलांमधल्या कर्करोगाची गाठ लहान मेंदूत असते, पण पेशी मेंदूभोवतालच्या पाण्यातून पसरतात. त्यामुळे पूर्ण मेंदूला आणि मणक्याला रेडिएशन द्यावं लागतं: सर्वसाधारण जोखमीत 23.4 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), जास्त जोखमीत 36, आणि गाठीच्या जागी एकूण 54 च्या आसपास. तीन वर्षांखाली ते शक्यतो टाळतात. मग मात्रा आणखी उतरवत का नाहीत? तीन ते सात वर्षांच्या मुलांत 18 ग्रे देऊन पाहिलं. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले, आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं होतं. वाढीव मात्रा मात्र मेंदूच्या पूर्ण मागच्या-खालच्या भागाऐवजी गाठीच्या जागेपुरतीच दिली तरी भागलं.

सगळा दोष रेडिएशनचाही नाही. निदानाआधी मेंदूत साचलेलं पाणी आपलं काम करून गेलेलं असतं. शस्त्रक्रियेनंतर मेड्युलोब्लास्टोमाच्या साधारण चौघांतल्या एका मुलाची वाचा एक-दोन दिवसांत बंद होते. ती आठवड्यांनी, कधी महिन्यांनी परतते. अशा मुलांची पुढची वाटचाल अधिक कठीण असते. सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाने वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. बाईंचा आवाज ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’ निसटतात, आणि मूल ‘लक्ष देत नाही’ ठरतं. थायरॉइड मंदावलं तरी मूल सुस्त दिसतं. म्हणून लक्ष वाढवायला मिथिलफेनिडेट सुरू करण्याआधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) आणि थायरॉइडची तपासणी हवी.

मानसशास्त्रीय चाचणी जमल्यास रेडिएशनच्या आधी, मग वर्षभराने, पुढे दर दोन-तीन वर्षांनी करावी.

वर्गात सगळ्यात महाग पडतं ते फळ्यावरून उतरवून घेणं. वर बघायचं, चार शब्द डोक्यात धरायचे, खाली बघून थरथरत्या हाताने लिहायचे, पुन्हा वर बघून ओळ शोधायची. तीन ओळी होईतो फळा पुसलेला असतो, आणि त्या वेळात काय शिकवलं ते कानावरून गेलेलं असतं. छापील टिपणं दिली की हे सगळं वाचतं. जादा वेळ द्याच, पण तेवढ्यावर थांबू नका: थकलेल्या मुलाला वीस गणितांसाठी अर्धा तास वाढवून मिळाला, तर शेवटच्या दहांत नुसत्या चुका होतात. त्याच प्रकारची आठ गणितं द्या, चौकटीच्या वहीत, आणि अवघड विषय सकाळच्या तासांना ठेवा.