सूज आली म्हणजे जखम बिघडली का?

हे बोट बघा, कॅमेऱ्याजवळ धरते. रविवारी पापलेट साफ करताना विळी लागली. आज चौथा दिवस. परवा एवढं सुजलं होतं की आई म्हणाली, "पिकणार गं हे."

पिकलं नाही. ती सूज हवीच होती.

कापल्याबरोबर प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या बारीक कणिका, रक्त गोठवतात आणि रासायनिक निरोप सोडतात. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन जंतू मारतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी, येतात, आणि सगळा खेळ यांच्या हातात असतो. सुरुवातीला त्यांचे निरोप असतात टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१: अजून पेशी बोलवा, मेलेलं मांस काढा. तेव्हा कोलॅजेन, म्हणजे कातडीला ताकद देणारे प्रथिनाचे धागे, तोडणारी एन्झाइम जोरात असतात. मग मॅक्रोफेज मेलेले न्यूट्रोफिल गिळतात, आणि त्यांचाच नूर पालटतो. आता टीजीएफ-बीटा सुटतो, फायब्रोब्लास्टना, म्हणजे हे धागे विणणाऱ्या पेशींना, सांगावा जातो: कोलॅजेन विणायला घ्या. आधी टाइप ३चं कच्चं जाळं, मग महिनोन् महिने त्याच्या जागी टाइप १चे जाड धागे. हे धागे पक्के वळायला 'क' जीवनसत्त्व लागतं, म्हणून पेरू, आवळा, लिंबू खा.

आठवड्याभरात नव्या कातडीची ताकद मूळच्या जेमतेम ३ टक्के असते. ३ महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास, आणि पुढे फारशी वाढत नाही. टाके निघाले म्हणून लगेच पाण्याची बादली उचलू नका, ते यासाठी.

आता माझ्या मावशीचं सांगते. गेल्या पावसाळ्यात दादरला ओल्या चपलेने टाच सोलली. एवढीशी जखम, पण मावशीला शुगर. दीड महिना बुजेना. शुगरमध्ये मॅक्रोफेजचा नूर वेळेवर पालटत नाही. पहिलेच निरोप चालू राहतात, आणि फायब्रोब्लास्ट जे विणतील ते एन्झाइम उसवत जातात. वरून पायाची संवेदना कमी, त्यामुळे तिला दुखलंसुद्धा नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

उलटही होतं: विणायचा निरोप थांबतच नाही आणि कानाच्या पाळीवर, छातीवर केलॉइडची गाठ वाढते. त्यावर वेगळा व्हिडिओ करेन.

मावशी आता रोज रात्री तळव्याखाली आरसा धरते. घरात कुणाला शुगर असेल तर एक आरसा आजच पलंगाशी ठेवा. पायाला साधा ओरखडा दिसला तरी डॉक्टरांना दाखवा, दुखायची वाट बघू नका.