धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं: ॲलेक्झांडर सेमिनचा करार

हा शॉट बघा. हात मागे नेणं नाही, काही नाही, मनगटाचा नुसता एक झटका आणि गोलकीपरला कळायच्या आत पक, म्हणजे रबराची चपटी चकती, जाळ्यात. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमध्ये, त्या काळात असा रिस्ट शॉट असलेले खेळाडू बोटांवर मोजण्याइतके, आणि हा त्यातला एक. ॲलेक्झांडर सेमिन, सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा विंगर (कडेने हल्ला करणारा खेळाडू), २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन खेळाडू निवडतात तिथे, वॉशिंग्टन कॅपिटल्सने तेराव्या नंबरला उचललेला. २००९-१० च्या सीझनला ७३ मॅचमध्ये ४० गोल. भारी ना?

आता त्याच सीझनचे प्लेऑफ, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्या बघा, प्रत्येक फेरी जास्तीत जास्त सात मॅचची. कॅपिटल्स १२१ पॉइंट घेऊन अख्ख्या लीगमध्ये पहिले, समोर मॉन्ट्रियल, जी आठव्या नंबरवरून कशीबशी आत आलेली. सेमिनने सात मॅचमध्ये ४४ शॉट मारले आणि गोल झाले शून्य, आणि ३-१ ने पुढे असलेली सिरीज कॅपिटल्स हरले. खरं सांगायचं तर ४४ शॉट मारणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं हा प्रश्नच आहे, समोरचा गोलकीपर यारोस्लाव्ह हालाक अंगात आल्यासारखा खेळत होता, एकट्या सहाव्या मॅचमध्ये त्याने ५३ शॉट अडवले. पण शिक्का बसला तो बसलाच. एक दिवस तुपाशी, एक दिवस उपाशी.

पुढच्या दोन सीझनला गोल २८, मग २१. त्यात एक वाईट खोड, पक हातचा गेला की मागे पळायचं सोडून समोरच्याला काठी अडकवायची आणि दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसायचं, तेही समोरच्या टीमच्या हद्दीत, जिथे काही धोकाच नाही! मॅट ब्रॅडली नावाचा टीममेट २०११ ला टीम सोडून गेला आणि रेडिओवर सरळ बोलला की सेमिनला काही पडलेलीच नाही. सेमिन पत्रकारांशी इंग्रजीत फारसं बोलायचाच नाही, त्यामुळे त्याची बाजू कधी नीट बाहेर आलीच नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने त्याला जाऊ दिलं.

जुलै संपत आला तेव्हा कॅरोलायना हरिकेन्सचा जनरल मॅनेजर जिम रदरफोर्डने त्याला घेतलं, एक वर्ष, ७ मिलियन डॉलर. माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात शहाणा करार हाच. पैसे भरपूर द्या, पण मुदत छोटी ठेवा.

इथे एक गंमत सांगतो. जानेवारी २००९ मध्ये सेमिनची न्यूयॉर्क रेंजर्सच्या मार्क स्टालशी मारामारी झाली होती, आणि ह्या पठ्ठ्याने ठोसे मारायचे सोडून खाली पडलेल्या स्टालवर दोन्ही हातांनी अक्षरशः तबला वाजवला होता. क्लिप अजून फिरते. तर कॅरोलायनाचा कॅप्टन कोण, त्याच मार्कचा मोठा भाऊ एरिक स्टाल! आणि जोडी जमली ती त्याच्याशीच. लॉकआउटमुळे, म्हणजे मालक आणि खेळाडूंच्या वादात खेळ बंद राहिल्यामुळे, सीझन ४८ मॅचचाच होता, त्यात सेमिनच्या ४४ मॅचमध्ये ४४ पॉइंट (खेळाडूचे पॉइंट म्हणजे गोल अधिक असिस्ट).

मार्च २०१३. करार संपत आलाय, ट्रेडची डेडलाइन, म्हणजे दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख, तोंडावर, आत्ता काही केलं नाही तर उन्हाळ्यात तो फुकटात दुसरीकडे जाणार. रदरफोर्डने सही केली, पाच वर्षं, ३५ मिलियन. सेमिन तेव्हा २९ वर्षांचा.

आता ते ४४ पॉइंट जरा उलगडून बघू. गोल फक्त १३, बाकी ३१ असिस्ट, म्हणजे पास याचा आणि गोल दुसऱ्याचा. हल्ल्याला तिघं एकत्र उतरतात, त्याला लाइन म्हणतात, सेमिन-स्टालच्या लाइनमधला तिसरा साथीदार यिरी त्लुस्टी, त्याने त्या अर्ध्यामुर्ध्या सीझनला २३ गोल मारले, जे त्याला त्याआधी किंवा नंतर पूर्ण सीझनमध्येही कधी जमले नाहीत. थोडक्यात, त्या लाइनचं सगळंच आत जात होतं, आणि ते दरवर्षी जाणार असं धरून पाच वर्षांचे पैसे मोजले गेले. पुढच्या सीझनला प्रत्येक टीमच्या पगाराची मर्यादा होती ६४.३ मिलियन, त्यातले ७ एकट्या सेमिनचे. बरं, सेमिन आवडत नसणाऱ्यांनी उड्या मारू नयेत, टॅलेंट खोटं नव्हतं, मुदत चुकली.

२०१३-१४ ला २२ गोल, चालून गेलं. मग मनगटाचं ऑपरेशन, म्हणजे ज्या झटक्यावर सगळी दुनिया उभी तोच सांधा, आणि २०१४-१५ ला ५७ मॅचमध्ये ६ गोल. नवीन कोच बिल पीटर्सने तर फिट असताना बाहेर बसवलं. रदरफोर्ड तोपर्यंत पिट्सबर्गला गेलेला, तिथे त्याने पुढे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची ट्रॉफी, जिंकले, आणि ह्या कराराचा खर्च आला कॅरोलायनाचा नवा जनरल मॅनेजर रॉन फ्रान्सिसच्या टेबलावर. उरलेले २१ मिलियन, बायआउटच्या, म्हणजे पैसे देऊन करार मध्येच मोडायच्या, नियमाने त्यातले दोन तृतीयांश द्यायचे आणि सहा वर्षांत वाटून. सेमिन आधी गेला मॉन्ट्रियलला, हो त्याच मॉन्ट्रियलला, १५ मॅच, १ गोल, मग रशियात मॅग्निटोगोर्स्कला, आणि २०१६ ला तिथल्या लीगची ट्रॉफी, गागारिन कप, जिंकून मोकळा.

मी रदरफोर्डच्या जागी असतो तर दोन वर्षं दिली असती, वर्षाला वाटल्यास आठ मिलियन, आणि नाही म्हणाला असता तर डेडलाइनच्या आत ट्रेड. कारण २०१९ ला कॅरोलायना दहा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचली, पहिल्याच राउंडला सातव्या मॅचमध्ये वॉशिंग्टनला हरवलं, आणि त्या सीझनच्या पगाराच्या हिशोबातही सेमिनचे २.३३ मिलियन होतेच, अजून दोन वर्षं बाकी.