हळदीचा विषय

फळ्यावर खडूने वादसभेचा विषय लिहिलाय : ‘हळदीतला खर्च म्हणजे आपली ओळख नव्हे.’

नवी मुंबईतलं घणसोली गाव, गावदेवीच्या देवळापुढचा मांडव. ऑफिसच्या बॅगा, कॉलेजची दप्तरं भिंतीशी टेकवून पोरं बसलीत. बहुतेक आगरी, काही कोळी. परीक्षक नाहीत. एका मुलीच्या हातात मोबाइल आहे, ती वेळ मोजते. वेळ संपली की ती उठून देवळातली घंटा वाजवते आणि बोलणारा गप्प होतो.

विषय साधा वाटेल. पण या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी. मटणाच्या पंगती उठतात, पहाटेपर्यंत बेंजो वाजतो, सगळं गाव दारात असतं.

हळदीवर उडणारा हा पैसा कुठून आला, ते कळायला मागे जावं लागतं. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. खाडीला बांध घालून, उघाडीने, म्हणजे बांधातल्या झडपेने, भरतीचं पाणी अडवून इथे भात पिकायचा आणि उन्हाळ्यात मीठ. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या नकाशात गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या बाजूला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना ही त्या लढ्याची कमाई.

म्हणून विषयाच्या बाजूने बोलणारी एक मुलगी उठते आणि एवढंच विचारते : “पाच माणसांच्या रक्तावर मिळालेला भूखंड एका रात्रीच्या बेंजोला विकायचा?”

मांडवात कुणी हलत नाही.

उत्तर द्यायला जो उभा राहिला, त्याच्या सख्ख्या भावाची हळद तोंडावर आलीय. पुस्तकी मराठीत दोन वाक्यं बोलतो, अडखळतो, कागद खिशात घालतो. “मना आगरीन बोलाचं हाय.” टाळ्या पडतात. मग तो सुटतोच. शेत गेलं, मिठागर गेलं, खाडी बुजली. गाव एकत्र येतं ते हळदीलाच. तीही आटपली तर आपण गाव कसले, आपली सोसायटीच झाली! घंटा वाजते, तरी त्याचं संपत नाही.

त्याचं म्हणणं आम्हाला सोडून देता येत नाही. हळदीपायी होणारं कर्ज खरं आहे, आणि त्या रात्रीची माणसंही खरी आहेत. शाळेत ‘पानी’ म्हटल्यावर हसं झालेली ही पोरं आज त्याच बोलीत एकमेकांचे मुद्दे खोडतात, हे बघताना ऊर भरून येतो.

मागच्या खुर्चीवर हिरव्या लुगड्यातल्या एक आजी बसल्यात. आजी धवलारीण. आगऱ्यांची लग्नं लावताना धवलारणी विधी सांगत आणि धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गात. आजींना शेकड्याने धवळे पाठ आहेत, पण बेंजोच्या आवाजात त्यांना हल्ली कुणी बोलावत नाही. हे त्या तक्रार म्हणून सांगत नाहीत, विचारलं म्हणून सांगतात.

सभा उठल्यावर तो मुलगा त्यांच्यापाशी येऊन उकिडवा बसला. बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी आजींनीच विचारलं :

“तुझे भावाची हलद कवा हाय?”