व्हल्टावाच्या वळणातलं गाव

नमस्कार मंडळी, आज आपण जातोय चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेला, चेस्की क्रुमलोव या गावात. नकाशा असेल तर काढून बघा, व्हल्टावा नदी इथे अशी वळसे घेते की जुन्या गावाला तिने जवळजवळ मिठीच मारलीय, आणि नावही त्यावरूनच पडलं, जुन्या जर्मनमध्ये वाकडं कुरण असा अर्थ. 1302 पासून तीनशे वर्षं गाव रोझेनबर्ग सरदारांकडे होतं, पाच पाकळ्यांचा गुलाब ही त्यांची खूण, ती अजून ठिकठिकाणी दिसते.

वर खडकावर किल्ला. त्याच्या आतल्या चौकातल्या भिंती लांबून घडीव दगडाच्या वाटतात, जवळ गेलं की कळतं सगळा साधा गिलावा आहे, दगड, कोनाडे, मूर्ती, सगळं नुसतं रंगवलेलं! मला हे फार आवडतं.

आता प्रश्न असा की हे सगळं टिकलं कसं? खरं सांगायचं तर बऱ्याच अंशी गाव मागे पडलं म्हणून. मोठे कारखाने जुन्या गावात आलेच नाहीत, रेल्वे आली तीही लांब वर टेकडीवर थांबली. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या जर्मन भाषिक लोकांना देशाबाहेर घालवलं, घरं ओस पडली, पुढची कित्येक वर्षं भिंती नुसत्या पडत राहिल्या. म्हणजे या देखणेपणामागे माणसांचं घर सुटण्याचं दुःख आहे, फोटो काढताना ते आठवावं असं मला मनापासून वाटतं. 1992 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, 2002 च्या महापुरात नदी गावात शिरली, तरी लोकांनी पुन्हा सगळं उभं केलं. आता पर्यटक इतके की जुन्या गावात राहणारी माणसंच कमी झालीत, घरांची हॉटेलं झालीत.

किल्ल्यातलं नाट्यगृह मात्र बघाच. 1766 च्या सुमाराचं, रंगमंचाखाली लाकडी रहाट आणि दोर आहेत, खाली माणसं रहाट फिरवतात आणि वर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत काही सेकंदांत जंगलाचा राजवाडा होतो. पडदे, कपडे, यंत्रं, बरंचसं मूळचंच, कारण मधली कित्येक वर्षं ते बंदच होतं. आजही तिथे प्रयोग अगदी मोजके होतात, लाकूड आणि दोर जपायचेत म्हणून.