घडीच्या खाटेवर मांडलेला बाजार

श्रोतेहो, नमस्कार.

दुधाचे कॅन लावून खेडोपाडी फिरणारी राजदूत मोटरसायकल तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, काहींनी चालवलीही असेल. साठच्या दशकात एस्कॉर्ट्स कंपनीने ती भारतात बनवायला घेतली, पण तिचा मूळ आराखडा पोलंडचा. क्येल्त्से शहरातल्या कारखान्याच्या ‘एसएचएल’ गाडीवरून ती घेतलेली होती. ट्रॅक्टरसाठीही एस्कॉर्ट्सने पोलंडच्याच उर्सुस कंपनीशी करार केला होता. म्हणजे आज ज्या देशाबद्दल मी बोलणार आहे, तिथे कारागिरीची वानवा नव्हती. जहाजं, ट्रॅक्टर, मोटारी, रेल्वेचे डबे, सगळं तिथे बनत होतं. आणि तरीही १९७६ पासून तिथे साखर रेशनवर होती आणि १९८१ पासून मांसही. फ्रिज किंवा सोफा हवा असेल तर लोक नावांची यादी करत आणि घरातली माणसं पाळीपाळीने दिवसरात्र रांग धरून ठेवत.

असं का व्हायचं? कारखान्याने काय आणि किती बनवायचं हे वॉर्सातल्या कचेऱ्यांमध्ये ठरायचं, भावही तिथेच ठरायचा. खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव वाढवले की कामगार रस्त्यावर उतरत. १९७०, १९७६ आणि १९८० साली तसंच झालं. त्यामुळे सरकार भाव दाबून धरी आणि पगार मात्र वाढवत राही. लोकांच्या हातात नोटा होत्या, दुकानातल्या फळ्या रिकाम्या होत्या. दुकान सांभाळणाऱ्याला माल जास्त विकला काय नि कमी विकला काय, सारखंच. त्याच शहरात ‘पेवेक्स’ नावाची सरकारी दुकानंही होती. तिथे जीन्स, कॉफी, चॉकलेट, हवं ते मिळे, फक्त डॉलर मोजावे लागत. काळ्या बाजाराच्या भावाने हिशेब केला, तर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस साध्या नोकरदाराचा महिन्याचा पगार वीस-तीस डॉलरच्या घरात जाई.

१९८९ म्हटलं की आपल्याला लेक वालेसा, त्यांची सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना आणि कम्युनिस्टांचा पराभव करणारी ४ जूनची निवडणूक आठवते. तो इतिहास मोठाच आहे. पण धंद्याच्या बाजूने पाहिलं तर सुरुवात त्याच्या सहा महिने आधी झाली होती, आणि तीही कम्युनिस्ट सरकारच्याच हातून. पंतप्रधान राकोव्स्कींच्या मंत्रिमंडळात मेचिस्वाव विल्चेक नावाचे उद्योगमंत्री होते. शिक्षणाने रसायनतज्ज्ञ आणि समाजवादी राजवटीतही खासगी धंदा करून श्रीमंत झालेला माणूस. त्यांनी मांडलेला उद्योगधंद्याचा कायदा २३ डिसेंबर १९८८ रोजी मंजूर झाला आणि १ जानेवारी १९८९ पासून लागू झाला. उणीपुरी ५४ कलमं. पहिल्याच कलमात म्हटलं होतं की धंदा सुरू करायला आणि चालवायला प्रत्येकाला मोकळीक आहे आणि सगळ्यांचा हक्क सारखा आहे. कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही ते सगळं धंदेवाल्याला करता येईल, हेही त्यात होतं. माणसं कितीही कामाला ठेवा. परवाना लागणारी क्षेत्रं फक्त ११. बाकी कशासाठीही स्थानिक कचेरीत जायचं, नोंद करायची आणि कामाला लागायचं.

पाठोपाठ मार्च १९८९ मध्ये परकी चलनाची खरेदी-विक्री कायदेशीर झाली. काल-परवापर्यंत हॉटेलांच्या दारात उभं राहून कानात भाव सांगणारे लोक आता पाटी लावून, काउंटर मांडून बसले.

मग आलं १९९० साल. जूनच्या निवडणुकीनंतर आलेल्या, सॉलिडॅरिटीच्या माझोव्येत्स्कींच्या सरकारात लेशेक बाल्त्सेरोविच हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक अर्थमंत्री होते. डिसेंबर १९८९ च्या शेवटच्या दिवसांत संसदेने त्यांचे १० कायदे एकगठ्ठा मंजूर केले आणि १ जानेवारीपासून बहुतेक वस्तूंचे भाव मोकळे झाले. डॉलरचा दर ९,५०० झ्लॉटींवर, म्हणजे पोलंडच्या चलनात, बांधला गेला. मध्यवर्ती बँकेने व्याजाचा दर जानेवारीत ३६ टक्के केला, आणि श्रोतेहो, हा दर वर्षाचा नव्हता, महिन्याचा होता. त्या एका महिन्यात भाव जवळजवळ ८० टक्क्यांनी चढले. मार्चमध्ये महागाईचा महिन्याचा वेग चार टक्क्यांच्या आसपास उतरला. दुकानात माल दिसू लागला आणि तो घ्यायला लोकांच्या खिशात पैसे उरले नाहीत.

या घडीला विल्चेक यांचा कायदा कामी आला. वॉर्साच्या मध्यावर स्टालिनच्या काळात बांधलेला संस्कृती प्रासाद आहे, एक प्रचंड उंच इमारत. तिच्यासमोरच्या मैदानात लोकांनी घडीच्या खाटा आणून उलगडल्या आणि त्यावर माल मांडला. साबण, मोजे, केळी, टेपरेकॉर्डर, खेळणी, जे हाती लागेल ते. कुणी मोटारीची डिकी उघडून विके. शेतकरी मांस ट्रकमध्ये घालून थेट शहरात आणत आणि तिथेच तोलून देत. सरकारी मांसाच्या दुकानापेक्षा ते स्वस्त पडे. हे विक्रेते कोण होते? शिक्षक, इंजिनियर, गिरणीतून कमी केलेल्या बायका, विद्यार्थी. रात्रीच्या गाडीने बर्लिन गाठायचं, तिथून इलेक्ट्रॉनिक माल आणायचा. इस्तंबूलला जाऊन चामड्याची जाकिटं आणि जीन्स आणायच्या. दोन खेपांत भांडवल सुटलं की खाटेच्या जागी पत्र्याची टपरी यायची आणि टपरीच्या जागी भाड्याचा गाळा.

याचं सगळ्यात मोठं रूप व्हिस्टुला नदीच्या पूर्व काठावर दिसलं. युद्धात जमीनदोस्त झालेल्या वॉर्साचा राडारोडा रचून तिथे एक स्टेडियम उभारलं होतं, १९५५ साली ते सुरू झालं. पुढे ते ओस पडलं. १९८९ मध्ये एका कंपनीने ते भाड्याने घेतलं आणि तिथे ‘यार्मार्क युरोपा’ नावाचा बाजार भरू लागला. प्रेक्षकांच्या रांगांच्या वर, स्टेडियमच्या कडेने गोल फिरत टपऱ्याच टपऱ्या. पोलिश विक्रेत्यांच्या शेजारी युक्रेन, बेलारूस, रशियातून पिशव्या भरून आलेले लोक आणि त्यांच्या शेजारी व्हिएतनामी. हे व्हिएतनामी समाजवादी मैत्रीच्या काळात पोलंडमध्ये शिकायला आले होते. त्यांनी भाषा शिकून घेतली होती, मायदेशी ओळखी होत्याच, ते कपड्याच्या घाऊक व्यापारात उतरले. नव्वदच्या दशकात हा युरोपातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक होता. तिथे नकली मालही चालायचा, चोरटा मालही चालायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. २००७ नंतर तो हटवला गेला आणि त्या जागी नवं राष्ट्रीय स्टेडियम आलं, जिथे २०१२ च्या युरोपियन फुटबॉल स्पर्धेचे सामने झाले.

आकड्यांत सांगायचं तर एकट्याच्या नावावर चालणाऱ्या धंद्यांची संख्या १९८९ च्या अखेरीस सुमारे ८ लाख होती. वर्षभरात ती ११ लाखांच्या वर गेली. आणि हे अशा वर्षात, जेव्हा सरकारी कारखान्यांचं उत्पादन जवळजवळ पाव हिश्श्याने घसरलं होतं. पोलंडच्या वाढीचं श्रेय नेहमी बाल्त्सेरोविच यांना दिलं जातं, त्यांच्यावर टीकाही तितकीच होते. मला मात्र वाटतं की एक वर्ष आधी लहान माणसाला दार उघडून दिलं नसतं, तर १९९० चा घाव देशाला सोसलाच नसता. कारखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाला जायला जागा होती. ती अपुरी होती, पण होती.

मोठ्या कारखान्यांची विक्री मात्र रखडत गेली. रशियाने १९९२ मध्ये घाईघाईने लोकांना सरकारी कारखान्यांच्या मालकीची कुपनं वाटली. पुढे १९९५ मध्ये सरकारला दिलेल्या कर्जाच्या बदल्यात तेल आणि निकेलच्या कंपन्या मूठभर लोकांच्या हाती गेल्या. पोलंडमध्ये सरकारं पडत होती, कामगार संघटना अडून बसत होत्या, संसदेत वाद मिटत नव्हता. तिथली सामूहिक खासगीकरणाची योजना १९९५ मध्ये सुरू झाली, ५१२ कारखाने आणि १५ गुंतवणूक निधी एवढ्याच आकाराची. दूरदृष्टीने कुणी हे ठरवलं होतं असं नाही, भांडणामुळे उशीर झाला. पण त्या उशिराने देशाचं भलं केलं. दरम्यान शेअर बाजार उघडला होता. १६ एप्रिल १९९१ ला पहिला व्यवहार झाला तेव्हा यादीत अवघ्या पाच कंपन्या होत्या, आणि जागा होती कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची इमारत.

त्या बाजारांतून पुढे काय उगवलं, त्याचं एक उदाहरण जवळून पाहू. वॉर्साच्या ग्झिबोव्स्का रस्त्यावर शनिवार-रविवारी संगणकांचा बाजार भरे. तिथे शाळेत जाणारी दोन मुलं खेळांच्या डिस्क विकत. त्या बाजारात जवळजवळ सगळा माल कॉपी केलेला असे. या दोघांनी ठरवलं की अमेरिकेतून अस्सल डिस्क मागवून विकायच्या. १९९४ मध्ये त्यांनी ‘सीडी प्रोजेक्ट’ कंपनी काढली. नकली फुकटात मिळत असताना अस्सल कोण घेणार? म्हणून त्यांनी परदेशी खेळाचे संवाद पोलिश भाषेत, नामवंत नटांच्या आवाजात करून घेतले, खोक्यात नकाशा आणि पुस्तिका घातली आणि तो खेळ हातोहात खपला. हीच कंपनी पुढे स्वतः खेळ बनवू लागली आणि जगभर विकू लागली. दुसरं नाव घ्यायचं तर पोझ्नानजवळ बोलेहोवो गावात नव्वदच्या दशकात ओल्शेव्स्की कुटुंबाने काढलेला सोलारिस बसचा कारखाना. त्यांच्या बस बर्लिनमध्ये धावतात, आणि विजेवरच्या बसमध्ये ते युरोपात आघाडीवर आले. २०१८ मध्ये तो कारखाना स्पॅनिश कंपनीने विकत घेतला.

आता ज्यांना दार सापडलं नाही त्यांच्याबद्दल.

पोलंडमध्ये शेती बहुतांशी खासगीच राहिली होती. पण देशाच्या पश्चिम आणि उत्तर भागात, युद्धानंतर जर्मनीकडून मिळालेल्या प्रदेशात, सरकारी शेतं पसरलेली होती. चार लाखांहून अधिक लोक तिथे कामाला होते. ऑक्टोबर १९९१ च्या कायद्याने ही शेतं मोडीत काढली गेली. तिथलं जगणं कसं होतं पाहा. शेताच्या मधोमध तीन-चार मजली चाळवजा इमारती. घर शेताचं, पाळणाघर शेताचं, दुकान शेताचं, हिवाळ्यात घर तापवणारा बॉयलरही शेताचाच. शेत बंद झालं त्या दिवशी पगाराबरोबर हे सगळं गेलं. काही ठिकाणी बसही बंद झाली. घडीची खाट मांडायची तर कुठे, आणि घेणार कोण? सगळेच बेकार. धंदा करायची मोकळीक कागदावर त्यांनाही होती. पण सरकारने त्यांच्या हाती जमीनही दिली नाही, शहरात जायला आधारही दिला नाही. आजही मला हा अन्याय वाटतो. बाल्त्सेरोविच यांच्या योजनेचं कितीही कौतुक केलं तरी तो पुसला जात नाही.

श्रममंत्री यात्सेक कुरोन हे जुन्या राजवटीत तुरुंग भोगलेले कार्यकर्ते. ते दर आठवड्याला दूरदर्शनवर येऊन लोकांशी साध्या भाषेत बोलत, काय चाललंय आणि का चाललंय ते सांगत. बेकारभत्त्याला लोक त्यांच्याच नावाने ओळखू लागले. गरजूंना गरम सूप वाटायलाही ते स्वतः उभे राहत. आर्थिक सुधारणा राबवणाऱ्या सरकारात असा एक तरी माणूस असावा असं मला मनापासून वाटतं. १९९३ च्या अखेरीस बेकारांची संख्या २९ लाखांच्या जवळ पोचली होती, म्हणजे कामकरी लोकांपैकी १६ टक्क्यांच्या वर.

वाउब्झिख या शहरातल्या कोळशाच्या खाणी नव्वदच्या दशकात एकामागून एक बंद झाल्या. खाणकामगार मग रानात स्वतःच खड्डे खणून कोळसा काढू लागले. ना आधाराचे खांब, ना हवा. दरडी कोसळून माणसं गेली. १९९७ मध्ये तिथे विशेष आर्थिक क्षेत्र झालं आणि २००२ पासून टोयोटाच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनू लागले. पण खाणीतला पन्नाशीचा माणूस गिअरबॉक्सच्या कारखान्यात जात नाही, त्याचा मुलगा जातो.

वूच शहराची गोष्ट जरा वेगळी. ते कापडगिरण्यांचं शहर, कामगारांत बायका जास्त. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाशी होणारा व्यापार डॉलरवर गेला आणि तिकडच्या ऑर्डरी आटल्या. गिरण्या बंद पडल्या. त्यातल्या कित्येक बायका घरी, गॅरेजमध्ये शिलाई मशीन टाकून कपडे शिवू लागल्या. शहराबाहेर झ्गुव आणि तुशिन इथे कपड्याचे मोठे बाजार उभे राहिले आणि युक्रेन-रशियातले व्यापारी बसगाड्या भरून तिथे येऊ लागले. डोक्यावर छप्पर राहिलं. निवृत्तिवेतनाची सोय मात्र अनेकींची झाली नाही.

१ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात गेला. तेव्हा तिथलं दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होतं. आता ते चार पंचमांशाजवळ आलं आहे. १९९२ ते २०१९ अशी सलग वाढ झाली. २००९ च्या मंदीत संघातल्या या एकाच देशाची अर्थव्यवस्था आकसली नाही. त्याच काळात वीस लाखांहून अधिक पोलिश माणसं ब्रिटन, आयर्लंड, जर्मनीत कामाला होती. त्यांनी घरी पाठवलेले पैसे वाढीच्या खात्यात दिसतात, त्यांच्या मागे राहिलेली मुलं त्या खात्यात दिसत नाहीत.

खाटेवर बाजार मांडणारी पिढी आता साठी-सत्तरीत आहे, आणि तिच्यापुढे असा प्रश्न आला ज्याचा १९८८ मध्ये कुणी विचार केला नव्हता. एकट्याच्या नावावरचा धंदा कायद्याने त्या माणसाबरोबरच संपत असे. मालक वारला की कराचा क्रमांक रद्द, परवाने रद्द, कामगारांचे करार संपले, बँकेचं खातं गोठलं. वीस-तीस माणसांना रोजगार देणारी बेकरी किंवा सुतारकामाचा कारखाना एका रात्रीत बंद व्हायचा आणि मुलांना सगळं पहिल्यापासून उभं करावं लागायचं. नोव्हेंबर २०१८ पासून त्यावर नवा कायदा लागू आहे. मालकाने हयातीतच एका माणसाचं नाव नोंदवून ठेवायचं. त्याच्यामागे तो माणूस दोन वर्षं, कोर्टाच्या परवानगीने पाच वर्षांपर्यंत, जुन्याच नावाने आणि जुन्याच क्रमांकाने धंदा चालवू शकतो. तेवढ्या अवधीत वारसांनी ठरवायचं, पुढे न्यायचा की विकायचा.